आजोबांच्या डबीतला १९४९चा रुपया: किंमत कशी काढायची, विकायचा कुठं?

पंचगंगाकाठचा
नमस्कार मंडळी. नाण्यांतलं मला फार कळत नाही, म्हणून धागा काढतोय.

आमचे आजोबा मुंबईच्या टांकसाळीत नोकरीला होते. निवृत्तीनंतर ते कोल्हापुरात, मंगळवार पेठेतल्या घरी येऊन राहिले. परवा आजीची ट्रंक आवरताना एक तपकिरीची डबी निघाली. त्यात बरीचशी साधी नाणी आहेत, पण एक रुपया वेगळा वाटला. एका बाजूला अशोकस्तंभाचे सिंह, दुसऱ्या बाजूला गव्हाची कणसं, इंग्रजीत ‘वन रुपी’ आणि खाली साल १९४९. त्याच डबीत १९५०चा रुपयाही होता. दोन्ही शेजारी ठेवून पाहिले तर कणसांची ठेवण वेगळी आहे आणि १९४९च्या नाण्यावरची अक्षरं बारीक आहेत.

गुजरीत, म्हणजे आमच्या सराफ बाजारात, एका सराफाला दाखवलं. “चांदी नाही, ठेवा घरात आठवण म्हणून” असं ते म्हणाले. मग ओळखीतून एका व्यापाऱ्याला फोटो पाठवला. त्याचा लगेच फोन आला, चाळीस हजार देतो, पण संध्याकाळपर्यंत सांगा. एकीकडे शून्य आणि दुसरीकडे चाळीस हजार, तेही घाईनं. काय समजायचं?

नादखुळा_९
भावा, जो घाई करतोय त्याला माहितीय. देऊ नको.

मोडतोड
माझ्याकडं वैष्णोदेवीचं पाच रुपयाचं नाणं आहे. यूट्यूबवर दहा लाख सांगतात. कुणी घेणार का? पाच लाखाला सोडतो, घरचा माणूस म्हणून.

जुनी शिवराई
मोडतोड, २०१२ची ती नाणी ढिगानं निघालीत, चहा पिऊन मोकळे व्हा.

पंचगंगाकाठचा, तुमच्या नाण्याकडं येतो. पहिली गोष्ट सालाची. स्वातंत्र्य मिळालं तरी नाणी लगेच बदलली नाहीत. जॉर्ज सहाव्याच्या छापाचीच नाणी चालू राहिली. आपली स्वतःची, सिंहांची मालिका लोकांच्या हातात आली ती १५ ऑगस्ट १९५०ला. तेव्हा सिंहही आहेत आणि साल १९४९ आहे, असा रुपया बाजारात फिरलेला असूच शकत नाही. मग दोनच शक्यता उरतात. एक, टांकसाळीनं मंजुरीसाठी पाडलेला नमुना, ज्याला संग्राहक ‘पॅटर्न’ म्हणतात. दोन, नंतर कुणीतरी केलेली बनावट. मुंबईच्या लिलावांत १९४९चे नमुने येऊन गेलेले मी पाहिलेत, त्यामुळं पहिली शक्यता हवेतली नाही. पण दुसरी खोडून काढल्याशिवाय पहिलीला किंमत नाही.

आता कृपा करून एवढं सांगा: वजन (दोन दशांश स्थळांपर्यंत), व्यास, कड कशी आहे, आणि चुंबकाला चिकटतं का. नाणं कडेला धरा, बोटं चेहऱ्यावर नकोत. पितांबरी, चिंच, टूथपेस्ट, राख यातलं काहीही लावलं तर परत या धाग्यावर येऊ नका.

हुपरीची चांदी
शिवराई काका बरोबर बोलतात. आमच्या गावात चांदीसाठी जुने रुपये मुशीत जायचे तेव्हा कुणी साल बघत नव्हतं. वजन बघायचं आणि टाकायचं. त्यात काय काय गेलं असेल देव जाणे.

टंचवाला
गुजरीत टंच काढायच्या मशीनवर ठेवून बघा, एक्सआरएफ म्हणतात त्याला. नाण्याला ओरखडा येत नाही, पाच मिनिटांत धातू कळतो. फक्त दुकानात पाय टाकताच सांगा, “कसोटीवर घासायचं नाही, कानस लावायची नाही.” आमच्या धंद्यात हात आपोआप कसोटीकडं जातो, वाईट हेतू नसतो. पण कडेला एक घासा पडला की गेलं.

निपाणीकर
माझ्याकडं १९११चा डुकराचा रुपया आहे, तो पण पॅटर्नच ना? आमच्याकडं तसंच म्हणतात.

जुनी शिवराई
नाही. जॉर्ज पाचव्याच्या झग्यावरच्या साखळीत हत्ती होता, तो लोकांना डुकरासारखा दिसला, ओरड झाली, बरीच नाणी परत घेऊन वितळवली आणि १९१२ला हत्ती नीट काढला. पण तो रुपया चलनासाठीच पाडला होता आणि काही लाख नाणी बाहेर पडली होती. दुर्मिळ नाणं, पाडताना चुकलेलं नाणं, प्रूफ आणि नमुना ही चार वेगवेगळी पात्रं आहेत. प्रूफ म्हणजे मंजूर झालेल्या छापाचंच, पण चकाकत्या साच्यानं निगुतीनं पाडलेलं नाणं. नमुना हा मंजुरीच्या आधीचा. कधी तोच छाप पुढं कायम होतो, कधी नाकारला जातो. नाकारलेल्या छापाला मागणी जास्त, कारण ते चित्र दुसरीकडं कुठंच मिळत नाही.

पंचगंगाकाठचा
माहिती आणली.

वजन ११.६४ ग्रॅम. व्यास २८ मिमीला किंचित कमी. कडेला रेघा आहेत, १९५०च्या रुपयासारख्याच दिसतात. चुंबकाला दोन्ही चिकटतात. टंचवाल्या दादांनी सांगितलं तसं मशीनवर ठेवलं, निकेल ९९च्या वर दाखवलं. पैसे घेतले नाहीत, उलट चहा पाजला.

टंचवाला
गुजरी आहे ती. 😀

जुनी शिवराई
छान. १९५०च्या रुपयाचं ठरलेलं वजन १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम, आणि व्यास १.१ इंच. धातू शुद्ध निकेल. तुमचं सगळं जुळतंय.

पण एक खोच आहे. एक्सआरएफ फक्त वरचा थर वाचतं. पोलादावर निकेलचा मुलामा दिला तर मशीन निकेलच सांगणार, आणि पोलादही चुंबकाला चिकटतंच. म्हणून घनता काढा. सराफी तराजूवर पाण्याची वाटी ठेवा, आकडा शून्य करा. नाणं बारीक दोऱ्यानं पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला, कडेला लागणार नाही असं धरा. जो आकडा येईल त्यानं नाण्याच्या वजनाला भागा. निकेल असेल तर पाण्यातला आकडा १.३१च्या आसपास येईल, पोलाद असेल तर १.४८च्या जवळ. पाणी शुद्ध घ्या आणि नंतर नाणं पुसू नका, मऊ कापडावर ठेवून टिपू द्या.

तांबं-निकेलची घनताही शुद्ध निकेलइतकीच असते. ते घनतेत सापडणार नाही, पण ते चुंबकाला चिकटत नाही. म्हणून चुंबक आणि घनता दोन्ही लागतात.

पंचगंगाकाठचा
१.३१ आलं! म्हणजे ८.८९.

नादखुळा_९
जाळ आन् धूर संगटच!! पार्टी कधी?

तराजू
थांबा, एवढ्यात फटाके नकोत. मी पुण्यात लिलावाच्या कामात काही वर्षं होतो, म्हणून दोन गोष्टी.

धातू बरोबर निघाला म्हणून नाणं खरं ठरत नाही. १९५०चा रुपया कवडीमोलानं मिळतो. तोच घेऊन त्यावर नवा साचा मारला तर वजन, धातू, घनता सगळं जुळणारच. या चाचण्यांनी स्वस्तातली बनावट बाहेर पडते, महागातली नाही. महागातली पकडायची तर साच्याच्या खुणा बघाव्या लागतात. आधी लिलावात गेलेल्या नाण्याचा मोठा फोटो आणि तुमच्या नाण्याचा फोटो शेजारी ठेवून प्रत्येक अक्षराची जागा, सिंहाच्या आयाळीच्या रेघा, कणसाचे दाणे, अंकांचं कडेपासूनचं अंतर जुळवायचं. खालून जुना छाप डोकावतोय का तेही. हे भिंगानं आणि सवयीच्या डोळ्यानंच होतं.

दुसरं म्हणजे टांकसाळीनंच नंतर पाडलेली नाणी. ब्रिटिश काळातल्या नाण्यांचे जुने साचे वापरून मुंबई आणि कलकत्त्याच्या टांकसाळी संग्राहकांना नाणी पाडून द्यायच्या, १९७०च्या सुमाराला ते बंद झालं. १८३५ची सिंह आणि ताडाच्या झाडाची दुहेरी मोहर, म्हणजे सोन्याचं नाणं घ्या, ज्यावरून रिझर्व्ह बँकेनं आपलं चिन्ह बेतलं आणि सिंहाच्या जागी वाघ घातला. त्याचे आज दिसणारे बरेचसे नग असे मागाहून पाडलेले असतात. अस्सल टांकसाळीचाच माल, पण किंमतीत जमीन-अस्मानाचा फरक. तेव्हा तुमच्या नाण्याबद्दलही हा प्रश्न कुणीतरी विचारणारच, तयारी ठेवा.

निपाणीकर
माझ्या एका मित्राकडं आठव्या एडवर्डचा रुपया आहे १९३६चा. तो तर राज्यावर वर्षभरही नव्हता. केवढ्याला जाईल?

तराजू
आठव्या एडवर्डचं हिंदुस्थानी नाणं निघालंच नाही. १९३६ सालच्या आपल्या नाण्यांवर जॉर्ज पाचवाच आहे. बाजारात फिरतात ते खासगी लोकांनी कितीतरी वर्षांनी हौसेसाठी पाडलेले तुकडे. विकणारे त्यालाही बिनदिक्कत ‘पॅटर्न’ म्हणतात. कुठल्या टांकसाळीनं, कुणाच्या हुकमानं पाडलं हे सांगता येत नसेल तर तो नमुना नव्हे.

माळावरची
शिवराई काका, आमच्या सासरी पाया खणताना थोडी जुनी नाणी लागली होती. ती पण अशीच विकता येतात का? फक्त विचारतेय.

जुनी शिवराई
ताई, तो मामला वेगळा. जमिनीत पुरलेलं सापडलं की १८७८चा निखात निधी कायदा लागतो. किंमत दहा रुपयांच्या वर असली तरी जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. आपल्या भागात हे हसण्यावारी नेऊ नका. कोल्हापुरातल्या ब्रह्मपुरीच्या टेकाडात सातवाहन काळातल्या कुर राजांची शिशाची नाणी निघालीत, आपल्या भागाचा त्या काळचा बराच इतिहास तिथून कळला. टाऊन हॉलच्या संग्रहालयात जाऊन बघा एकदा. ती कुणी गुपचूप विकली असती तर काय राहिलं असतं हातात?

हळद आणि गूळ
मला एक कळत नाही. आजोबा टांकसाळीत, नाणं टांकसाळीचं, बाहेर कधी न आलेलं. मग ते घरी आलं कसं? वाईट वाटून घेऊ नका, पण प्रश्न आहेच ना.

पंचगंगाकाठचा
वाईट नाही वाटलं. घरातही हाच विषय निघाला. आत्या म्हणते साहेबांनी बक्षीस दिलं होतं. बाबांना काहीच आठवत नाही. कागद कुठलाच नाही, फक्त आजोबांचं सेवापुस्तक आणि पेन्शनचे कागद आहेत.

तराजू
हळद-गूळ यांनी नेमकं बोट ठेवलं. या धाग्यातला सगळ्यात अवघड भाग हाच आहे.

अमेरिकेत १९७४ साली ॲल्युमिनियमच्या सेंटची चाचणी झाली होती. डेन्व्हर टांकसाळीच्या एका माजी अधिकाऱ्याच्या मुलाला वडलांच्या वस्तूंत तसा एक सेंट मिळाला. त्यानं तो लिलावात काढायचं ठरवलं, तर सरकारनं मालकी सांगितली आणि शेवटी २०१६ला नाणं परत करावं लागलं. तिकडचा कायदा इकडं लागत नाही. आपल्याकडं नमुना नाणी उघड लिलावात विकली जातात, छापील यादीत फोटोसकट. नमुने मंजुरीसाठी मंत्री, सचिव, अधिकारी यांच्याकडं फिरायचेच, आणि त्यातले काही तिकडंच राहिले. तेव्हा घरात सापडलं म्हणजे चोरीचंच, असंही नाही.

पण गंमत बघा. “आजोबा टांकसाळीत होते” हे वाक्य नाण्याची किंमत वाढवतं, कारण बनावट नसल्याचा तो सगळ्यात भक्कम पुरावा. आणि तेच वाक्य मालकीचा प्रश्नही उभा करतं. पुष्कळ लोक मग दोन तऱ्हेनं वागतात. एक तर गोष्ट लपवतात आणि ‘जुन्या संग्रहातून’ असं मोघम लिहून घेतात. नाहीतर गोष्ट फुगवतात, की प्रत्यक्ष गव्हर्नरनं हातात दिलं. दोन्ही करू नका. जेवढं माहीत आहे तेवढं एका कागदावर लिहा: आजोबा कोणत्या खात्यात, कधीपासून कधीपर्यंत, डबी कुठं मिळाली, आत्या काय सांगते (तिच्या तोंडची गोष्ट म्हणूनच), आणि खाली सही. सोबत सेवापुस्तकाची प्रत. लिलाववाल्याला हे आधी द्या आणि यादीत काय छापणार ते लेखी मागा. एखाद्या वकिलाचा तासभराचा सल्ला घ्या. त्याची फी या नाण्याच्या मानानं काहीच नाही.

बिंदू चौक
आणि आजोबांचे वारस किती? नाणं तुमच्या एकट्याचं नाही. मृत्युपत्र नसेल तर आजी, मुलगे आणि मुली सगळ्यांचा सारखा वाटा. आत्याची सही आधी घ्या, लिलावाच्या आदल्या दिवशी भाऊबंदकी निघाली तर नाणं मागं घ्यावं लागतं. माझं काम तेच आहे, रोज बघतोय.

पंचगंगाकाठचा
आत्या इचलकरंजीला असते. तिचं म्हणणं विकूच नये. बाबा म्हणतात विकून आजीच्या नावानं ठेव करावी. आजी म्हणते, “रुपायाचं एवढं काय करताय?”

नादखुळा_९
आजीच खरी मालक. 🙏

सीए_राजारामपुरी
कराबद्दल थोडक्यात. वारशानं आलेली वस्तू विकली की आधीच्या मालकाकडं ती जितकी वर्षं होती तीही धरली जातात, म्हणजे हा दीर्घ मुदतीचा नफा. २३ जुलै २०२४पासून अशा नफ्यावर १२.५ टक्के, महागाईची सवलत नाही. २००१च्या आधीपासूनची वस्तू असल्यानं १ एप्रिल २००१ची बाजारकिंमत मूळ किंमत म्हणून धरता येते. ती कशी ठरवायची हा वेगळा प्रश्न, जाणकाराचा लेखी अंदाज लागेल. काही लोक म्हणतात जुनं नाणं ही घरगुती वस्तू, कर लागतच नाही. त्यावर विसंबू नका, तुमच्या सीएला विचारा. आणि रोख दोन लाख किंवा त्याहून जास्त घ्यायचे नाहीत, कायद्यानं बंदी आहे. पैसे बँकेतूनच.

पंचगंगाकाठचा
धन्यवाद ताई. आता मूळ प्रश्न. किंमत किती? तो व्यापारी आता साठ म्हणतोय.

जुनी शिवराई
संध्याकाळची मुदत गेली कुठं त्याची?

तराजू
आकडा मी सांगणार नाही, सांगणाऱ्यावर विश्वासही ठेवू नका. किंमत कशी घडते ते सांगतो.

चलनातल्या नाण्याची किंमत पन्नास व्यवहारांतून ठरते. नमुन्याचे व्यवहार हाताच्या बोटांवर. म्हणून मागच्या एका लिलावात कितीला गेलं एवढं बघून भागत नाही, तेव्हा बोली कुणाकुणात लागली हे बघावं लागतं. लिलावात भाव ठरवतो तो दुसऱ्या क्रमांकाचा माणूस. दोन हट्टी संग्राहक समोरासमोर आले तर भाव आभाळाला भिडतो. मग जिंकलेल्याची गरज भागते, तो पुढच्या वेळी बोलीला नसतो. दुसरा नग आला की तोच भाव निम्म्यावर येऊ शकतो. त्यामुळं ‘मागच्या वेळी एवढ्याला गेलं’ हे ऐकून खूष होऊ नका. उलट तुमचा नग अनेक वर्षांनी पहिल्यांदाच येत असेल तर जुना भाव कमीच वाटेल.

छापलेल्या भावातही घोळ असतो. हातोडा पडतो तो एक आकडा. घेणाऱ्याला त्यावर लिलावघराचं प्रीमियम, म्हणजे त्यांचा वरचा आकार, आणि जीएसटी पडतो. विकणाऱ्याच्या हातात हातोड्याच्या आकड्यातून कमिशन वजा होऊन येतं. काही घरं प्रीमियमसकट भाव छापतात, काही त्याशिवाय. तुलना करताना एकच माप धरा. आणि ऑनलाइन जाहिरातीत लिहिलेली किंमत ही मागणी असते, तिला कुणी दिलेली किंमत समजू नका.

गणराज्याच्या नाण्यांचे संग्राहक गेल्या काही वर्षांत भरपूर वाढलेत, ते तुमच्या बाजूनं. पण नमुन्यापर्यंत पोहोचणारे त्यातले थोडे. म्हणूनच नाणं जास्तीत जास्त डोळ्यांसमोर जायला हवं. एका व्यापाऱ्याच्या खोलीत साठ हजार हा भाव चांगला की वाईट हे देवालाही सांगता येणार नाही.

निपाणीकर
मग अमेरिकेत पाठवून डबीत सील करून आणायचं का? एनजीसी का काय ते.

तराजू
नमुन्याच्या बाबतीत माझं मत, हो. एनजीसी किंवा पीसीजीएस या नाणी तपासणाऱ्या अमेरिकी कंपन्यांनी खरं ठरवून सत्तरपैकी अमुक असा दर्जा दिला की चेन्नईचा माणूस नाणं हातात न घेता बोली लावतो. त्यांनी नाकारलं तर तेही आधीच कळलेलं बरं. कोल्हापुरात बसून आपण कितीही भिंगं लावली तरी परगावच्या घेणाऱ्याला त्याचं काय?

एक मात्र लक्षात ठेवा. १९७२च्या पुरावशेष कायद्यानं शंभर वर्षांवरचं नाणं देशाबाहेर पाठवता येत नाही, तपासणीसाठीसुद्धा नाही. निपाणीकर, तुमचा १९११चा रुपया त्यामुळं इथंच राहणार. १९४९च्या नाण्याला ती अडचण नाही. फक्त जाताना-येतानाचे कस्टमचे कागद नीट करणारा मध्यस्थ धरा.

जुनी शिवराई
माझं थोडं वेगळं मत. आधी मुंबईच्या दोन-तीन लिलावघरांना फोटो पाठवा. तोडीवाला, राजगोर अशी जुनी घरं आहेत, अहमदाबाद आणि बंगळुरूलाही आहेत. ती कित्येकदा स्वतःच दर्जा लावून आणतात आणि खर्च नंतर वळता करतात. कमिशन, राखीव किंमत (जिच्याखाली विकायचं नाही ती), न विकलं तर काय, विमा कुणाचा, पैसे किती दिवसांत, हे पाचही लेखी घ्या. पोस्टानं पाठवू नका. रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेसला बसा, सकाळी मुंबई, हातानं द्या आणि फोटोसकट पावती घ्या.

ठेवताना मऊ पीव्हीसीच्या पाकिटात ठेवू नका, त्यातून हिरवट चिकटा सुटतो. मायलरची कडक पाकिटं मिळतात. आपल्या पावसाळ्यात सोबत सिलिका जेलची पुडी.

मोडतोड
मला आत्ताच मेसेज आला, रिझर्व्ह बँक जुनी नाणी विकत घेतेय, नोंदणीला फक्त २,१०० रुपये. वैष्णोदेवी पण घेतात म्हणे!

बिंदू चौक
ब्लॉक करा. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१मध्येच जाहीर सांगितलंय की असल्या व्यवहारांत आमचा काही संबंध नाही, आमच्या नावानं कुणी फी किंवा कमिशन मागत असेल तर देऊ नका. आधी पैसे मागतो तो घेणारा नसतो.

पंचगंगाकाठचा
अपडेट. इचलकरंजीला जाऊन आलो. आत्या तयार झाली, पण तिच्या दोन अटी: पैशातला तिचा वाटा आजीच्या ठेवीत जायचा, आणि नाण्याचे मोठे फोटो काढून फ्रेम करून तिला द्यायचे. बिंदू चौक यांनी संमतीपत्राचा मजकूर दिला, सगळ्यांच्या सह्या झाल्या. तराजू यांनी सांगितलं तसा एक पानी कागद लिहिला, आत्याची बक्षिसाची गोष्ट ‘आत्याच्या सांगण्यानुसार’ म्हणून घातली. दोन लिलावघरांना फोटो गेले. एकानं उत्तर दिलं, साच्याच्या खुणा आधीच्या नगाशी जुळतात असं वाटतं, पण हातात घेतल्याशिवाय बोलणार नाही. दर्जा ते लावून आणतील. राखीव किंमत मात्र आम्ही म्हणतोय त्यापेक्षा बरीच खाली सुचवली. ही लबाडी तर नाही?

तराजू
नाही, तशीच रीत आहे. सुरुवात खाली असली की लोक बोलीत उतरतात, एकदा हात वर गेला की माणूस सहजासहजी खाली घेत नाही. वर ठेवली तर कुणी पहिली बोलीच लावत नाही, नाणं ‘न विकलेलं’ म्हणून यादीत राहतं आणि पुढच्या वेळी त्याला तोच शिक्का चिकटतो. पण अगदी मोकळं सोडायलाही सांगणार नाही, कारण त्या दिवशी एकच गिऱ्हाईक असेल तर सुरुवातीच्या भावातच जाईल. ज्या आकड्याला विकलं तर घरात कुणी कुणाला बोलणार नाही, तो आकडा आत्या आणि बाबा दोघांकडून काढून घ्या. तोच राखीव लिहा.

पंचगंगाकाठचा
त्या व्यापाऱ्याचा परत फोन होता. आता ऐंशी.

टंचवाला
महालक्ष्मीचं तिकीट काढलं का?

पंचगंगाकाठचा
काढलं. शुक्रवारचं आहे, बाबा पण येतायत. तोपर्यंत नाणं बँकेच्या लॉकरमध्ये ठेवलंय.